निराकाराचं कीर्तन

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. बघे येतात ते घोड्यांसाठी, पण यात्रा आहे एकमुखी दत्ताची. 1998पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेलं हे गाव महानुभाव पंथाच्या श्रद्धास्थानांपैकी एक. महानुभावांच्या लेखी दत्तात्रेय हा ब्रह्मा-विष्णू-महेशांचा मेळ नव्हे. तो एकाच परमेश्वराने घेतलेला अवतार आहे, म्हणून त्याला तोंडही एकच. तिथून आग्नेयेकडे भडगाव तालुक्यातलं कनाशी. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी यांच्या चरणस्पर्शाने पावन झालेलं म्हणून पंथाचे लोक तिथे येतात. आणखी पुढे मुक्ताईनगर. तिथली मुक्ताबाई वारकऱ्यांच्या परंपरेत आदिमायेचा अवतार. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्याच अमळनेरात प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं आणि निर्गुण ब्रह्माचा विचार करायला देशभरातून पंडित बोलावले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. गीतेच्या चौथ्या अध्यायात देव युगायुगांत जन्म का घेतो, याचं कारण खुद्द कृष्णच सांगतो.

थोडक्यात, देव माणूस होऊन येतो का, असं खानदेशात कुणाला विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'येतो' असंच असेल. कुणी म्हणेल अनेकदा येतो, कुणी म्हणेल मोजून पाच वेळा आला. अमळनेरचा वेदान्ती म्हणेल, व्यवहारात येतो, परमार्थात येणं-जाणंच नाही. या प्रश्नाला अजिबात आडपडदा न ठेवता 'नाही' म्हणणारा एक समाजही मराठीच बोलत होता. तो राहिला कोकणात आणि मुंबईत, आणि त्याचं नाव बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. एकोणिसाव्या शतकात या समाजावर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी अवतारकल्पनेचा मारा झाला. त्यातून तो कसा उभा राहिला, ही मराठी धर्मविचाराच्या इतिहासातली एक महत्त्वाची हकिकत आहे.

शनिवारी घाणा बंद

बेने इस्राएलांची आख्यायिका सांगते की, त्यांचे पूर्वज गलबतातून येत असताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचं दफन नवगावला झालं, असं मानतात. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. गावांवरून आडनावं पडली : दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर, राजपूरकर, अष्टमकर. बायका लुगडं नेसत, मंगळसूत्र घालत, लग्नात मेंदी लावत. सणांची नावंही मराठी होती : खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण.

पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं. हिब्रूही विसरली होती. उरली होती चार-पाच बंधनं : शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, बिनखवल्याचे मासे वर्ज्य. शिवाय एकच हिब्रू वाक्य तोंडपाठ होतं. सुंतेला, लग्नात, मरणाच्या वेळी ते म्हणत. ते म्हणजे 'शेमा', इस्राएलचा देव एकच आहे याची ग्वाही. दावीद राहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने बायकांसमोर नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी निषिद्ध मासे बाजूला काढले, तेव्हा त्याला ओळख पटली, अशी कथा आहे. हा राहाबी कोणत्या शतकातला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवून काझी नेमलं, असं परंपरा सांगते.

अशाच अवस्थेची बातमी इजिप्तमध्येही पोचली होती. 1199च्या सुमारास मोशे बेन मैमोन, म्हणजे रांबाम किंवा मैमोनिडीज, याने दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या विद्वानांना पत्र लिहिलं. त्यात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्यांना तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात एवढंच, असा त्याचा आशय. हे लोक कोकणातलेच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण वर्णन तंतोतंत जुळतं. रांबामला हिंदुस्थानचं नाव नुसतं ऐकून माहीत होतं असं नव्हे, त्याचा घाव त्याने सोसला होता. त्याचा धाकटा भाऊ दावीद इकडच्या व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. घराचा खर्च दावीदच्या व्यापारावर चालत असे. पुढे रांबामने वैद्यकी धरली.

देवाचा हात, देवाची पाठ

याच रांबामने देवाच्या रूपाबद्दलचा यहुदी निर्णय पक्का केला. पण त्याआधी वाद होता, आणि वादाला जागा खुद्द धर्मग्रंथानेच ठेवली होती.

मम्रेच्या एला झाडांपाशी अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसला आहे. तीन पुरुष येतात. तो धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी देतो, वासरू कापून जेवू घालतो. कथेच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की, देव त्याला दिसला. मग हे पाहुणे कोण? याकोब रात्रभर एका 'पुरुषा'शी झुंजतो आणि सकाळी म्हणतो, मी देवाला समोरासमोर पाहिलं. मोशे देवाचं तेज बघायला मागतो. त्याला खडकाच्या कपारीत उभं करून फक्त पाठ दाखवली जाते. यहेज्केल संदेष्ट्याला सिंहासनावर माणसासारखं काहीतरी दिसतं. दुसऱ्या बाजूला तीच तोरा बजावते की, सीनाय पर्वताशी तुम्ही आवाज ऐकलात, आकार पाहिला नाहीत. म्हणून मूर्ती करू नका. आणि देव म्हणजे माणूस नव्हे, असंही ती वेगळं सांगते.

पाहुण्यांचा प्रश्न ताल्मूद या धर्मशास्त्रग्रंथाने सोडवला तो असा : ते मिखाएल, गाब्रिएल आणि रफाएल हे देवदूत. ओंकेलोसने तोराचं अरामी भाषांतर केलं तेव्हा देवाच्या हातापायांचे उल्लेख जपून फिरवले. दहाव्या शतकात बगदादकडच्या साद्या गाओनने तर्काने सिद्ध केलं की, देहाला मर्यादा असते आणि देवाला नाही. तरीही सामान्य भाविकाच्या मनात देवाचा हात हा हातच होता. काही गूढवादी पोथ्यांत देवाच्या अवयवांची मापंही दिलेली होती.

रांबामने यावर रेघ मारली. मिश्ने या धर्मनियमांच्या जुन्या संहितेवरच्या भाष्यात त्याने श्रद्धेची तेरा तत्त्वं सांगितली. त्यातलं तिसरं तत्त्व : देवाला देह नाही, देहाचे कोणतेही गुण त्याला लागत नाहीत. हात, डोळा, पाठ ही माणसाला समजावं म्हणून वापरलेली माणसाची भाषा. मम्रेचे पाहुणे तर त्याच्या मते अब्राहामाने दृष्टान्तात पाहिले. नंतरच्या 'मिश्ने तोरा' या ग्रंथात त्याने आणखी पुढे जाऊन म्हटलं की, देव एक आहे पण त्याला शरीर आहे असं मानणारा पाखंडी होय. यावर प्रोव्हान्समधल्या अब्राहाम बेन दावीदने समासात कडक टीप लिहिली. तुझ्याहून थोर आणि चांगली माणसं ग्रंथांतल्या शब्दांमुळे तसं समजली, त्यांना पाखंडी कशाला म्हणतोस, असा तिचा रोख. अब्राहाम बेन दावीद स्वतः देवाला देह देत नव्हता. भोळ्या भाविकाला धर्माबाहेर घालवायला मात्र त्याची तयारी नव्हती.

या वादात एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. देवाला आकार आहे का, यावर यहुदी विद्वान भांडले. देव आईच्या पोटी जन्म घेऊन माणूस म्हणून जगतो का, यावर ते कधी भांडले नाहीत. तिथे दोन्ही बाजूंचं उत्तर एकच होतं.

ते उत्तर भर दरबारात द्यायची वेळ 1263च्या जुलैत आली. आरागॉनचा राजा पहिला जेम्स याने बार्सिलोनात वादसभा भरवली. ख्रिस्ती झालेला यहुदी पाब्लो क्रिस्तियानी एका बाजूला आणि मोशे बेन नाहमान म्हणजे रांबान दुसऱ्या बाजूला. रांबानने नंतर लिहिलेल्या वृत्तान्तानुसार त्याने राजाला सांगितलं की, मसीहा आला की यायचा आहे, हा आपल्या भांडणाचा गाभाच नाही. आकाश-पृथ्वी घडवणारा एका स्त्रीच्या गर्भात वाढला, जन्मला, मारला गेला, हे बुद्धीला पेलत नाही. तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, म्हणून ते तुम्हाला रुचतं. राजाने त्याला बक्षीस दिलं. पण पुढे छळ सुरू झाला, त्याला स्पेन सोडावं लागलं आणि 1267 साली तो आक्रेला पोचला.

याच काळात गोदावरीकाठी चक्रधर स्वामी हिंडत होते. म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी 1278च्या सुमारास 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या. ते कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, कुणावर हसले, सगळं त्यात आहे. परमेश्वर माणूस होऊन आला, तेव्हा त्याची प्रत्येक हालचाल नोंदवण्याजोगी, हा त्यामागचा भाव. एका टोकाला बार्सिलोनाचा दरबार आणि दुसऱ्या टोकाला पैठणचा परिसर. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, पण अवघ्या पंधरा-वीस वर्षांच्या अवधीत दोन्हीकडे एकाच प्रश्नाची उलटी उत्तरं लिहून निघाली.

पाद्री येतात

पुढची पाचशे वर्षं कोकणातल्या शनवार तेल्यांना यातलं काही कळलं नाही. मग कंपनी सरकारच्या पलटणीत भरती सुरू झाली आणि ते मुंबईला आले. सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल येहेज्केल दिवेकर हा पलटणीतला अंमलदार. टिपूच्या कैदेतून आपण सुटलो याचं ऋण म्हणून त्याने 1796 साली मांडवीत सिनेगॉग बांधलं, असं समाजात सांगतात. मुंबईकरांनी त्यालाही मशीदच म्हटलं. मस्जिद बंदरचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

1813 साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. त्यांनी मराठी शाळा काढल्या. या शाळांना मास्तर हवे होते आणि जुन्या कराराच्या गोष्टींविषयी आस्था असलेले, लिहिता-वाचता येणारे बेने इस्राएल मिळाले. 1829 साली स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. विल्सन भाषापंडित होते. त्यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलगे आणि मुलीही शिकल्या. हिशेब सरळ होता. अब्राहाम, मोशे आणि दावीद यांना मानणाऱ्या या लोकांना त्यांचाच ग्रंथ वाचायला दिला की, पुढचं पाऊल ख्रिस्ताकडे पडेल.

पण याच विल्सनसाहेबांची दुसरी आघाडी हिंदूंशी होती. 1831 साली मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिली, विल्सननी 1832 साली त्याला पुस्तकाने उत्तर दिलं. त्यात अवतारांवर, विशेषतः कृष्णाच्या चरित्रावर, कठोर टीका होती. दोन वर्षांनी साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थांना उद्देशून दुसरं पुस्तक निघालं. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद घालू लागले आणि लोकांची झुंबड उडाली.

या वादांत बेने इस्राएल माणूस कुठे उभा होता? मधोमध. सकाळी मिशनच्या शाळेत त्याला ऐकू येई की, देव एकदाच आणि खराच माणूस झाला, बेथलेहेमात. संध्याकाळी तोच पाद्री चव्हाट्यावर पंडिताला सांगे की, देव मासा-कासव-गुराखी होतो ही कल्पना देवाला न शोभणारी आहे. पंडित उलट विचारी, गोकुळातला जन्म खोटा आणि गोठ्यातला खरा कसा? दोघंही आपापल्या देवाला देह देत होते आणि समोरच्याच्या देवाचा देह नाकारत होते. दोन्ही नकार ऐकलेल्या माणसाला आपल्या 'शेमा'चा अर्थ अधिकच स्पष्ट झाला असेल, तर नवल नाही.

मिशनचा डाव उलटला. बेने इस्राएलांनी हिब्रू घेतली, मराठी उत्पत्ती आणि निर्गम घेतलं, इंग्रजी घेतली, नोकऱ्या घेतल्या. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. पाद्र्यांनी हाती दिलेल्या पुस्तकातूनच त्यांना आपण कोण आहोत, हे कळलं. या कामात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचीही मदत झाली.

पुण्याचं हगादा

मिसरातल्या म्हणजे इजिप्तमधल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या आठवणीचा सण म्हणजे वल्हांडण. त्या रात्री घरोघरी वाचायचं पुस्तक म्हणजे हगादा. ते मराठी भाषांतरासह 1846 साली मुंबईत निघालं. 1874 साली पुण्यात तळकर मंडळींनी सचित्र हगादा छापलं. त्यात एक चित्र आहे : लुगडं नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताहेत. मिसरमधली गुलामगिरी, समुद्र दुभंगणं, सगळी कथा आणि तिच्या सुरुवातीला हे ओळखीचं स्वयंपाकघर.

या पुस्तकातला मजकूर आपल्या विषयाच्या अगदी मर्मावर बोट ठेवतो. मिसरातून सोडवणूक कुणी केली? हगादा बजावून सांगतं की देवदूताने नाही, दुसऱ्या कुणी पाठवलेल्याने नाही, देवाने स्वतः केली. मोशेचं नाव तर त्यात जवळजवळ येतच नाही. इतक्या मोठ्या सुटकेचा नायक माणूस ठरू नये, याची ही खबरदारी. देव स्वतः येतो, पण देह घेऊन येत नाही. त्याचा 'बलवान हात' म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्याने पोरांना त्या रात्री समजावायचं असतं.

या कामातलं थोर नाव योसेफ येहेज्केल राजपूरकर (1834–1905). डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. प्रार्थनेची पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. दुसरे हाईम सामुएल केहीमकर. त्यांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि 1897 साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, 1937 साली, तेल अवीवला.

त्याच दशकांत हिंदू समाजातही अवताराविरुद्ध आवाज उठत होते. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. रानडे-भांडारकरांच्या या समाजाने मूर्तिपूजा आणि अवतारकल्पना दोन्ही बाजूला सारल्या. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त दशावतारांची चिरफाड केली आणि पुढे 'निर्मिका'चा धर्म मांडला. म्हणजे देव जन्म घेत नाही, असं मराठीत ठासून सांगणारे आता तीन वेगवेगळे गट होते. त्यांतल्या दोघांना हा विचार नव्याने करावा लागला. तिसऱ्याच्या घरात तो घाण्यासारखाच वडिलोपार्जित होता.

1880 : टाळ-चिपळ्या

आणि मग 1880 साली मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केलं. दावीद हाईम दिवेकर आणि बेन्यामीन शिमशोन अष्टमकर ही या उपक्रमातली ठळक नावं. अष्टमकर स्वतः पदं रचत. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन त्याआधीच रुळवलं होतं. देवळातलं नारदीय कीर्तन तर सगळ्यांच्याच कानात होतं. यहुद्यांनी तोच साचा घेतला : नमन, पूर्वरंगातलं निरूपण, उत्तररंगातलं आख्यान, आणि मध्ये साकी, दिंडी, आर्या, अभंग, पदं. आख्यानाला अब्राहाम, योसेफ, मोशे अशा पूर्वजांची चरित्रं. भाषा मराठी, चाली मराठी.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. नारदीय कीर्तनाची सारी बांधणी देवाच्या प्रकट होण्याकडे झुकलेली असते. प्रल्हादाच्या आख्यानात श्रोता खांब कडाडण्याची वाट बघत असतो. दामाजीपंतांच्या आख्यानात दुष्काळात सरकारी कोठारं लुटवलेल्या भक्ताला शिक्षा होणार, इतक्यात बेदरच्या दरबारात विठू महार हजर होतो, घोंगडी सावरत जोहार करतो आणि थैली ओततो. बादशहाला तो कोण हे कळत नाही, श्रोत्याला मात्र कळलेलं असतं. त्या कळण्यातच सारा रस. बुवा थांबतात, मृदंग थांबतो, सभेत गजर होतो. देव माणूस झाला नाही, तर ही जागा भरायची कशाने?

यहुदी आख्यानात त्या जागी माणूस उभा राहतो. अब्राहाम मुलावर सुरी उचलतो आणि आवाज येतो, पण आवाजाचा धनी दिसत नाही. मोशेसमोर झुडूप जळतं, जळून खाक होत नाही, त्यातून हाक येते. मोशे तोंड झाकून घेतो. योसेफाच्या चरित्रात तर एवढाही चमत्कार नाही. भावांनी विकलेला पोरगा मिसरचा कारभारी होतो, दुष्काळात तेच भाऊ धान्याला येतात आणि तो त्यांना ओळख देतो. बेदरच्या दरबारात देव ओळखला जातो, मिसरच्या दरबारात भाऊ. प्रकट व्हायचं ते माणसाने. देव त्या सगळ्या घडामोडींमागे असतो, हे भावांना योसेफच सांगतो. कीर्तनकाराला हा प्रसंग किती रंगवता येत असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे अवताराच्या लीला सांगण्यासाठी घडलेला कलाप्रकार या लोकांनी अवताराशिवाय चालवून दाखवला. साचा मराठी भक्तीचा, पण त्यातली मध्यवर्ती गोष्ट काढून घेतलेली. बाकी सगळं स्वीकारायचं आणि हे एक टाळायचं, इतकी नेमकी निवड करायला आपल्या धर्मात कुठे माघार नाही, हे नक्की ठाऊक असावं लागतं. मिशनशाळेतल्या आणि चव्हाट्यावरच्या पन्नास वर्षांच्या वादाने त्यांना ते ठाऊक करून दिलं होतं.

खंडाळ्याचा खडक

आकार नाही म्हटलं, तरी भक्ताला हात टेकायला काहीतरी लागतं. बेने इस्राएलांनी ती सोय कशी केली, हे अलिबागजवळच्या खंडाळ्यात दिसतं. हे घाटावरचं खंडाळा नव्हे. इथे एका खडकावर खुणा आहेत. त्या एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी समाजाची श्रद्धा. तनाखच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, कथेनुसार एलियाहू मेला नाही, अग्निरथातून स्वर्गात गेला. तो गरजवंताला भेटायला येतो, असं जगभरचे यहुदी मानतात. बेने इस्राएल त्याला 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात. नवस फेडायचा, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची ताटात कालवायची, भोवती फळं मांडायची, एलियाहूचं गीत म्हणायचं आणि प्रसाद वाटायचा.

आता कनाशी आणि खंडाळा शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे एका पुण्यवंत पावलाची जागा, दोन्हीकडे डोकं टेकायला येणारी माणसं, दोन्हीकडे नवस आणि प्रसाद. बाहेरून बघणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. पण कनाशीला जो आला तो महानुभावांच्या लेखी साक्षात परमेश्वर, आणि खंडाळ्याला जो आला तो माणूस. कितीही थोर, मृत्यूने न शिवलेला, तरी माणूसच. त्याच्यापुढे मागणं मांडायचं, पण पूजा त्याची नाही.

या दोन पंथांत साम्यही विलक्षण आहे. महानुभाव परमेश्वर एकच मानतो आणि इतर देवतांच्या भजनी लागत नाही. त्यासाठी त्याने शतकानुशतकं रोष पत्करला, आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लपवले. यहुदीही एकाच देवासाठी हट्टाला पेटलेला. फरक पुढच्या पायरीवर पडतो. महानुभाव म्हणतो, जीव इतका बद्ध आहे की परमेश्वराने कृपा करून देह घेतल्याशिवाय त्याची सुटका नाही. यहुदी म्हणतो, देवाने मिसरातून काढलं, नियम दिले, आता चालायचं माणसाने. एकाच्या मते देवाच्या थोरपणाची खूण ही की तो खाली उतरतो. दुसऱ्याच्या मते खूण ही की तो कशातही मावत नाही.

आजच्या यहुदी विद्वानांतही हा प्रश्न मिटलेला नाही. मायकेल वायशोग्रोड यांचं म्हणणं होतं की, देव माणूस होऊच शकत नाही, असं तर्काने आधीच ठरवणं हे देवाच्या सामर्थ्याला कुंपण घालणं आहे. यहुदी एवढंच म्हणू शकतो की, देवाने तसं केलं नाही. बेंजामिन सॉमर यांनी 2009 साली लिहिलं की, प्राचीन इस्राएलमध्ये देवाला देह, आणि एकापेक्षा अधिक देह, मानणारा प्रवाह होता. रांबामच्या तिसऱ्या तत्त्वाआधीचा काळ दिसतो त्याहून गुंतागुंतीचा होता, हे त्यांचं सांगणं. ख्रिस्ताकडे किंवा कृष्णाकडे मात्र यातलं कुणीच वळलं नाही.

हिशेबातून निसटलेलं प्रकरण

1948नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. महाराष्ट्रात आता काही हजार उरले आहेत. 2016 साली राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. कीर्तन मागे पडलं, पण त्यातली पदं मुंबई-ठाण्यात आणि इस्राएलमध्ये बायकांनी टिकवली. कधी काळी पुरुष बुवांच्या मागे झील धरणाऱ्यांच्या नाती आता स्वतः गातात.

आपल्याकडे मराठी भक्तीचा इतिहास लिहिताना महानुभाव येतात, वारकरी येतात, नाथ आणि दत्तसंप्रदाय येतात, शेख महंमद येतात, फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'ही येतं. या सर्वांनी आपापल्या परीने देवाचं रूप मराठीत रंगवलं. रूप नाकारणाऱ्यांची नोंद करताना लेखणी फार तर प्रार्थना समाजापर्यंत आणि फुल्यांच्या सत्यशोधकांपर्यंत जाते. त्यांनी नकार निबंधात मांडला, सभेत मांडला. साकी-दिंडीत बांधून, आख्यानात रंगवून, रात्रभर श्रोत्यांना बसवून तो नकार मांडला बेने इस्राएलांनी. त्यामुळे 1880चं हे कीर्तन यहुद्यांच्या इतिहासाचं परिशिष्ट म्हणून ठेवून चालणार नाही. चक्रधरांपासून धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांपर्यंत देवाच्या मनुष्यरूपाची मराठीत जी चर्चा चालत आली, तिच्यातला तो विरुद्ध पक्ष आहे. आणि प्रतिपक्ष नीट मांडल्याशिवाय आपल्याकडे शास्त्रार्थ पुरा झाला, असं कुणी मानत नाही.